स्थळं जमवणाऱ्या काकूंना, जाहीर आभार

काकू, सप्रेम नमस्कार.

पंचवटीतल्या तुमच्या केंद्रात येणाऱ्या आम्हा एसेक्शुअल, म्हणजे कोणाबद्दल लैंगिक ओढ न वाटणाऱ्या, मुलामुलींना तुम्ही ‘सगळ्यांना सांगून मोकळे व्हा’ म्हणाला नाहीत आणि ‘लग्नानंतर होईल नीट’ असंही नाही. तुम्ही एवढंच विचारता : हे कळल्यावर निर्णय कोणाचा बदलणार? त्याबद्दल आधी आभार.

ज्याच्याशी लग्न ठरतंय त्याचा बदलणार, म्हणून त्याला सांगायलाच हवं. सातपूरच्या कंपनीतल्या साहेबांचा, आत्याचा काय बदलणार? तिथे आपली मर्जी. बायोडेटात तर एक ओळही नको. तो संध्याकाळच्या आत निफाडच्या मामांच्या मोबाइलवर असतो.

वेळही तुम्ही नेमकी सांगता. कांदेपोह्यांच्या दिवशी नाही. दोघंच भेटाल तेव्हा, पण सुपारी फुटायच्या आत. हॉलचा ॲडव्हान्स गेला की गोष्ट दोघांची राहत नाही, दोन घरांच्या अब्रूची होते. आणि मोघम बोलायचं नाही. ‘मला त्यात फारसा रस नाही’ म्हटलं की समोरच्याला लाजाळूपणा वाटतो. ‘सध्या’ जोडलं तर तो वाट बघत बसतो. ‘मला कोणाबद्दलच लैंगिक ओढ वाटत नाही. सोबत हवी आहे, संसार हवा आहे’ इथपर्यंत बरेच जण येतात. शरीरसंबंध चालतील का, मूल हवं का, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. नेमकं तेच गाळलं जातं आणि पुढे तिथेच बिनसतं.

लपवू बघणाऱ्यांना तुम्ही हिंदू विवाह कायद्याचं कलम १२ (लग्न रद्द ठरवण्याबद्दलचं) वाचायला लावता, तेही बरंच. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली, असं म्हणत कोणी कोर्टात गेलं तर निस्तरायचं कोणी?

घरच्यांचं अवघड. राहणं-खाणं त्यांच्यावर असेल तर घाई नको : आधी स्वतःचा पगार, कागदपत्रं हाताशी, वेळ पडलीच तर मैत्रिणीचं घर. ते बहुधा डॉक्टरच गाठतात. तेव्हा सांगायचं, की २०१३ च्या डीएसएम-५ नुसार (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका), स्वतःला एसेक्शुअल म्हणवणाऱ्याला केवळ तेवढ्यावरून कामेच्छेचा विकार ठरवत नाहीत. हे नपुंसकत्वही नव्हे. (वडिलांना हे दुसरं वाक्य आधी सांगावं, असं आमचं मत.)

एक विनंती. तुमच्या फॉर्मवर ‘अपेक्षा’खाली ‘काही गोष्टी प्रत्यक्षच बोलू’ असा चौकोन घालाल का? त्यावर खूण कोणीही करेल, त्यामुळे आमच्यातलं कोणी वेगळं दिसणार नाही.

तुमचे,
काही एसेक्शुअल नाशिककर