विषय : कासवांसाठी विकलेला, पण कासवांची घाण न चालणारा टाकी-फिल्टर संच

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख (किंवा त्यांच्या वर जे कोणी असतील ते),

आज दुपारी तुमचा मेसेज आला की माझी तक्रार ‘समाधानकारकरीत्या निकाली’ निघाली. समाधान नेमकं कोणाचं झालं, ते मेसेजमध्ये लिहिलेलं नव्हतं. माझं झालेलं नाही. फोनवर जे झालं त्याला तुमच्याकडे निकाल म्हणत असतील, तर तो निकाल कसा लागला हे एकदा तुम्हीही वाचा. त्या फोनचं रेकॉर्डिंग ‘गुणवत्तेसाठी’ होत असतं, असं तुमची मशीनवरची बाई दर वेळी सांगते. ते ऐका. माझा एकही शब्द खोटा निघणार नाही.

संच तुमचाच आहे, त्यामुळे त्यात काय काय येतं हे मी सांगत बसत नाही. ५०० लिटरची काळी लांबट टाकी, पंप, स्टँडवरचा फिल्टर बॉक्स आणि खाली पाणी सोडायचा टँक निपल. सगळे मिळून १८,४०० रुपये. खोक्यावर मोठ्ठं कासव आहे, तेही हसणारं. आमच्याकडे दोन आहेत, लाल कानवाले अमेरिकन स्लायडर. मुलीने त्यांची नावं भरीत आणि कळणा ठेवली आहेत. आणली तेव्हा तिच्या तळहातावर मावायची. आता भरीतची पाठ २२ सेंटीमीटर भरते, ती मादी आहे आणि अजून वाढणार. काचेची पेटी पुरेना, म्हणून तुमची टाकी घेतली.

आता तो फोन. मराठीसाठी तीन दाबा म्हटलं, तीन दाबलं, समोरचा हिंदीत सुरू झाला. ते सोडून द्या, आम्हाला हिंदी येते. बराच वेळ गाणं ऐकवून झाल्यावर एका मुलाने फोन घेतला. मी सांगितलं, फिल्टरचा स्पंज दोन दिवसांत चिकटतो, पाणी वरून सांडतं आणि टाकीत अमोनिया चढतो. त्याने विचारलं, टाकीत काय ठेवलं आहे? मी म्हटलं, कासव. तो म्हणाला, “एक मिनट सर.” पुन्हा गाणं. परत आला आणि म्हणाला, सर, प्राणीजन्य घाणीमुळे फिल्टर चोंदला तर ते वॉरंटीत बसत नाही.

मी विचारलं, मग कोणती घाण बसते?

म्हणाला, साधी घाण.

मी म्हटलं, भाऊ, हा कासवाच्या टाकीचा फिल्टर आहे. खोक्यावर कासव आहे. बिलावर ‘टर्टल किट’ लिहिलं आहे. त्यावर त्याचं उत्तर, जसंच्या तसं : “सर, वो फोटो सिर्फ दिखाने के लिए है.” म्हणजे चित्र नमुन्यादाखल. मग त्याने मला एक तपासणी करायला सांगितली. दोन दिवस कासवं बाहेर काढून ठेवा आणि फिल्टर नीट चालतो का ते बघा. चालला तर फिल्टरमध्ये दोष नाही, असं सिद्ध होईल.

फोन स्पीकरवर होता. आई वाती वळत बसली होती. तिला फिल्टरमधलं काही कळत नाही, पण एवढं ऐकून तिने तिथूनच विचारलं, “मंग कासव घान नही करी ते काय अत्तर सोडी?” तुमच्या माणसाला अहिराणी समजली नसावी, कारण तो ‘जी सर’ म्हणाला. प्रश्न मात्र तुमच्या पूर्ण कंपनीत कोणी विचारला नसेल असा नेमका आहे, आणि त्याचं लेखी उत्तर मला हवं आहे.

इथे थांबला असता तरी मी सोडून दिलं असतं. पण मी पुन्हा विचारलं की मग या दोन जिवांचं मी काय करू, तेव्हा तो अगदी मदत करायच्या सुरात म्हणाला, “सर, ज्यादा प्रॉब्लेम है तो नदी में छोड दीजिए.”

नदीत! ही कासवं इथली नाहीत. जगातल्या सगळ्यात घातक १०० परक्या जातींच्या यादीत या लाल कानवाल्याचं नाव आहे, ते उगीच नाही. लोक कंटाळून सोडतात, ती नदी-तळ्यात वाढतात, आणि आपल्याकडच्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतात. आमची बोरी नदी पावसाळ्यानंतर किती दिवस वाहते ते आम्हाला माहीत आहे, आणि पुढे ती तापीलाच मिळते. तिथली आपली कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ती घरात पाळताही येत नाहीत. त्यांच्यात हे परके नेऊन सोडा, असा सल्ला कासवाचं सामान विकणारी कंपनी फोनवरून देते! तो पोरगा समोरचा कागद वाचत असेल, त्याला मी दोष देत नाही. कागद कोणी लिहिला, ते सांगा.

यानंतर दहा मिनिटांत ‘निकाली’चा मेसेज आला.

आता दोष, कारण ‘काय प्रॉब्लेम आहे सर’ हे मला परत पहिल्यापासून कोणाला सांगायचं नाही. माझा अमळनेरात ठिबकचा धंदा आहे. कपाशी आणि केळीच्या शेतात सँड फिल्टर, जाळी फिल्टर, सबमेन, लॅटरल बसवण्यातच माझं वय गेलं. त्यामुळे ‘सर, तुम्ही एखादा प्लंबर बोलवा’ हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नका. जळगाव जिल्ह्यात पाइप आणि फिल्टर म्हणजे काय, हे शाळकरी पोरगंही सांगेल.

तुमच्या पंपावर ताशी ३००० लिटर छापलं आहे. खाली बारीक अक्षरात जास्तीत जास्त हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, १.५ मीटर. तुमच्याच स्टँडवर तुमचाच बॉक्स ठेवला, की पाण्याच्या पातळीपासून बॉक्सच्या तोंडापर्यंत १.२ मीटर होतात. वर नळी दिली आहे बोटाएवढी बारीक. मी २० लिटरचा रंगाचा डबा लावून मोजलं, कोरा धुतलेला स्पंज असताना. भरायला ३ मिनिटं लागली. म्हणजे ताशी ४०० लिटर. ३००० चा आकडा हा पंप जमिनीवर आडवा ठेवला आणि पाणी कुठेच चढवायचं नसेल तेव्हाचा आहे. शेतकऱ्याला असा पंप मी विकला असता तर त्याने तो माझ्या दुकानात आणून आपटला असता. कासवाला माशापेक्षा कितीतरी जास्त घाण होते, म्हणून पाळणारे लोक टाकीत जेवढं पाणी, त्याच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठीचा फिल्टर घेतात. तुमचा आकडा बघून मला वाटलं होतं, चला, चांगली ढिलाई ठेवली आहे.

बॉक्समध्ये घाण बसायला जागाच नाही. पाणी आलं की सरळ स्पंजावर. विष्ठा, उरलेलं खाणं आणि पाठीवरून निघालेले पातळ पापुद्रे, सगळं त्या एका पांढऱ्या चौकोनावर. आधी एक रिकामा कप्पा ठेवला असता, तर जड घाण तिथेच खाली बसली असती. कितीही स्वस्तातला सँड फिल्टर घ्या, त्याच्या आधी आणि नंतर दाबाचे गेज असतात, फरक वाढला की बॅकवॉश मारायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा. तुमच्याकडे स्पंज चोंदला हे कळायचा एकच मार्ग आहे, ओटा ओला होणं.

आणि वीज गेली की? आमच्याकडे वीज जाते, ही बातमी तुमच्या ऑफिसात पोहोचली नसेल. पंप बंद पडताच बॉक्समधलं पाणी त्याच नळीतून उलटं खाली येतं, सगळा काळा गाळ घेऊन, थेट टाकीत. एक एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवायला हवा होता. १८,४०० मध्ये तो बसला नाही.

फिल्टर बॉक्समधले प्लास्टिकचे बायो बॉल धुण्याबद्दल तुमच्या आणखी एका बाईंनी (आधीच्या फोनवर) जे सांगितलं ते वेगळ्या ओळीत लिहितो, म्हणजे नजरेतून सुटणार नाही.

“बायो बॉल रोज साबणाने, नळाखाली स्वच्छ धुवा.”

साहेब, त्या बॉलवर जिवाणू वाढावेत म्हणूनच ते बॉल असतात ना? अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट तेच करतात. ते नीट बसायला चार ते सहा आठवडे जातात. नळाच्या क्लोरीनने आणि साबणाने रोज धुतले, तर रोज पहिला दिवस. बॉल टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळायचे असतात. मी तेच केलं, म्हणून निदान बॉल तरी जिवंत आहेत. तरीही स्पंज चोंदून पाणी वरून निघून जात असेल, तर बॉलपर्यंत पोहोचणार काय? अमोनियाच्या चाचणीची बाटली पिवळी राहायला हवी, ती हिरवी येते. आमचं बोअरचं पाणी जड आणि खारट, आणि पाण्याचा पीएच जेवढा चढा तेवढा अमोनिया जास्त विषारी. तुमचं बॉल धुण्याचं शास्त्र मी मनावर घेतलं असतं, तर आज हे पत्र जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून लिहावं लागलं असतं. ते गाई-म्हशींचे डॉक्टर आहेत, पण त्यांनी निदान कासव बघितलं तरी आहे.

आता टँक निपल. हे मी पहिल्या फोनपासून सांगतोय. तुम्ही भोक पाडलं आहे ते टाकीच्या वळणावर, सपाट भिंतीवर नाही. सपाट वॉशर गोल भिंतीवर कधी बसतो का? वर वॉशर बाहेरच्या बाजूला, चेकनटखाली दिला आहे. तो आत, कॉलरखाली लागतो. त्यात रबर असं की आमच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेल्यावर, नखाने तुकडे पडले. निपल थेंब थेंब गळतो. खाली बादली ठेवली आहे. मला हा निपल बदलायला पाना आणि चहा थंड व्हायला लागतो तेवढा वेळ लागेल, सामान दुकानात पडलेलं आहे. पण तुमच्याच बाईंनी बजावलं, “सर, खोललं तर वॉरंटी जाईल.” म्हणजे घाण वॉरंटीत नाही, आणि हात लावला तर वॉरंटीच नाही. मग वॉरंटी आहे कशाची, खोक्याची?

आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. गळणारं पाणी कमी वाटत असेल तुम्हाला, आम्हाला नाही. शिवाय ते कासवांचं पाणी आहे, त्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. अमेरिकेत ४ इंचांपेक्षा लहान कासव विकायला १९७५ पासून बंदी आहे, ती लहान पोरांना त्यातून आजार होत होते म्हणून. आमच्या ओट्यावर शेजारचं रांगतं पोर येतं. मी त्याला येऊ देत नाही, त्याच्या आईला वाटतं मी भांडलोय. याची भरपाई तुम्ही कशी करणार?

मला काय हवंय ते लिहितो. पूर्ण १८,४०० रुपये परत, आणि संच तुमच्या खर्चाने उचलून न्या. टाकी स्वतः चांगली आहे, हेही लिहितो, कारण खोटं बोलायची मला सवय नाही. प्लास्टिक जाड आहे, ५०० लिटर भरूनही फुगली नाही, उन्हात पिवळी-पांढरी पडली नाही. टाकी ठेवून फक्त पंप, बॉक्स, स्टँड आणि निपलचे पैसे कापून परत करत असाल, तरी चालेल. नवीन स्पंज पाठवतो, असं म्हणू नका. कूपन तर नकोच. कूपनवर मी तुमच्याकडून काय घेऊ, दुसरा स्पंज?

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर नोंद करीन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, तुमच्या शहरात यायची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फीसुद्धा नाही, आणि वकील लागतोच असं नाही. तिथे मी खोकं घेऊन येईन. हसणाऱ्या कासवाखाली ‘प्राणीजन्य घाण वगळून’ हे कुठे लिहिलं आहे, ते तुमचा माणूस आयोगाला दाखवील.

वाईट याचं वाटतं की तुमच्या शेतीच्या टाक्या मी वर्षानुवर्षं विकल्या. गोठ्यात, शेततळ्याच्या कडेला, फवारणीच्या गाडीवर. तक्रार आली नाही कधी. गिऱ्हाईक म्हणायचं ‘कोणती घेऊ?’, मी तुमची दाखवायचो. त्या भरवशावरच कासवांसाठी न बघता घेतली. आता पुढच्या हंगामात कोणती दाखवायची ते मला ठरवता येतं, आणि माझ्यासारखे दुकानदार अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा सगळीकडे बसले आहेत. आम्ही संध्याकाळी एकमेकांना फोन करतो. आमच्या फोनवर गाणं लागत नाही.

आपला,
एक ग्राहक व (सध्यातरी) विक्रेता
अमळनेर, जि. जळगाव

सोबत : बिलाची प्रत, पंपावरच्या लेबलचा फोटो, डबा भरतानाचा व्हिडिओ, निपलखालच्या बादलीचा फोटो, खोक्याचा फोटो (कासवासह).

ता. क. : निपल बदलायचा की नाही, एवढं तरी उद्या कळवा. बादली दिवसातून दोनदा भरते.