अण्णांच्या गोळ्यांचा डबा

इंदूर
18 जानेवारी 2026

प्रिय मित्रा,

तुझा निरोप मिळाला त्याच आठवड्यात लोकमान्यनगरला जाऊन आलो, नंतरही फेऱ्या झाल्या. अण्णा-काकू दोघंही बरे आहेत, हे आधी सांगतो. तू विचारलं होतंस की अण्णांना जेनेरिक, म्हणजे मोठ्या कंपनीच्या नावाशिवाय मिळणाऱ्या स्वस्त गोळ्या सुरू केल्या तर चालतील का. चालतील. पण तिथे गेल्यावर त्याआधीचं एक काम निघालं आणि ते जास्त तातडीचं होतं. फोनवर ते नीट सांगता येणार नाही, म्हणून पत्र.

काकूंनी गोळ्यांचा श्रीखंडाचा डबा दिवाणावर उपडा केला. कापलेल्या पट्ट्या, रबरबँडात गुंडाळलेल्या चिठ्ठ्या, दोन-चार सुट्या गोळ्या. अण्णा सगळ्या रंगावरून ओळखतात. “ही गुलाबी बीपीची, ही मोठी पांढरी शुगरची, ही पिवळी हृदयाची.” मी एकेक पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचत गेलो. बीपीच्या पट्टीवर टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम. हृदयाच्या पट्टीवर टेल्मिसार्टन 40 आणि अम्लोडिपिन 5. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आत औषध तेच! एक घरच्या डॉक्टरांनी पूर्वीपासून दिलेली, दुसरी डिस्चार्जच्या वेळी हृदयाच्या डॉक्टरांनी लिहिलेली. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला कुणी दाखवलीच नव्हती. अण्णा दोन्ही अगदी इमानेइतबारे घेत होते, आणि सकाळी उठताना गरगरतं ते वयामुळे, असं धरून बसले होते.

मी स्वतःच्या मनाने काहीही बंद केलं नाही. संध्याकाळी अण्णांना आणि सगळ्या पट्ट्यांना घेऊन घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बसवून आणि उभं करून बीपी मोजलं, हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि साधी टेल्मिसार्टन थांबवली. आता गरगरणं बरंच कमी आहे.

मला यातून एकच गोष्ट तुला मनापासून सांगायची आहे. गोळीचा रंग आणि कंपनीचं नाव बाजूला ठेवून आतल्या औषधाचं, म्हणजे सॉल्टचं नाव घरात माहीत पाहिजे. एकच सॉल्ट आपल्याकडे कितीतरी नावांनी विकलं जातं. मेडिकलवाल्याकडे ठरलेली कंपनी नसली की तो दुसरी देतो, रंग बदलतो, आणि म्हाताऱ्या माणसाला वाटतं नवीन औषध आलं. मग तो जुनी उरलेलीही घेतो आणि नवीही.

काकूंचं तर मला जास्तच वाईट वाटलं. सगळ्यांच्या गोळ्या त्या सांभाळतात, स्वतःच्या मात्र कशाही घेतात. थायरॉइडची गोळी सकाळच्या चहाबरोबर, आणि नाश्ता झाला की लगेच कॅल्शियम. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचं, मग अर्धा-पाऊण तास तरी काही नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. नाहीतर औषध नीट अंगी लागत नाही. आता कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर ठेवलंय. अण्णांच्या गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकची पट्टीही सापडली. बीपीच्या गोळ्या चालू असताना हे दुखण्याचं औषध रोज घेतलं तर बीपी वाढू शकतं आणि मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. ती पट्टी डॉक्टरांना दाखवली, त्यांनी दुसरं सुचवलं. अण्णा शुगरची, म्हणजे मेटफॉर्मिनची मोठी गोळी मोडून घेत होते, तेही थांबवलं. तिच्यावर एस.आर. लिहिलेलं आहे, म्हणजे औषध हळूहळू सुटायला हवं. मोडली की ते एकदम सुटू शकतं.

आता जेनेरिकबद्दल. अण्णांचं म्हणणं, “स्वस्त गोळी म्हणजे सरकारी दवाखान्यातली, तिने काय होणार?” हा समज आपल्या ओळखीच्या बहुतेक घरांत आहे. खरं तर पेटंट संपलं की तेच औषध इतर कंपन्याही बनवू शकतात. सॉल्ट तेच, मात्रा तीच. रंग, आकार आणि गोळी बांधणारी पूड वेगळी असू शकते. आपण नावाजलेल्या कंपनीची म्हणून घेतो त्यातल्याही बहुतेक गोळ्या मुळात जेनेरिकच असतात, फक्त त्यांना नाव दिलेलं असतं आणि त्या नावाच्या जाहिरातीचा, डॉक्टरांकडे फिरणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधींच्या (एम.आर.) फेऱ्यांचा खर्च आपल्या बिलात येतो.

जनऔषधी केंद्रं, म्हणजे सरकारी योजनेतली स्वस्त जेनेरिक औषधांची दुकानं, 2008 पासून आहेत. तिथल्या मालाची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच दुकानात येते आणि छापलेली किंमतच मुळात कमी असते. साध्या मेडिकलमधल्या जेनेरिकचं तसं नाही. तिथे पट्टीवर एम.आर.पी. भरपूर छापलेली असते आणि सूट किती द्यायची ते दुकानदार ठरवतो. म्हणून अण्णांना जनऔषधीतूनच घेऊन द्यायचं ठरवलंय.

भीती मला समजते. 2025 मध्ये आपल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने लहान मुलं गेली, त्यानंतर इथे प्रत्येक आईबापाचा हात बाटली उघडताना थबकतो. पण त्या सिरपलाही कंपनीचं नाव होतंच. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, आणि ते तपासणीत पकडलं जायला हवं होतं. औषध तपासायची यंत्रणा कडक हवी, ती महागड्या पट्टीलाही लागू हवी, हे मी कुणाहीसमोर ठासून सांगेन. फक्त किंमत बघून विश्वास ठेवणं मला पटत नाही.

एक सावधगिरी मात्र आहे. थायरॉक्सिन, फिटची औषधं, रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांत मात्रेचा थोडा फरकही जाणवतो. म्हणून काकूंची थायरॉइडची गोळी मी बदलणार नाही. कधी कंपनी बदललीच तर डॉक्टरांना सांगून, आणि सहा-आठ आठवड्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी (टी.एस.एच.) करून. अण्णांची कोलेस्टेरॉलची अॅटोर्व्हास्टॅटिन, मेटफॉर्मिन आणि बीपीची गोळी डॉक्टरांनी होकार दिल्यावर पुढच्या महिन्यापासून जनऔषधीची.

फ्रिजवर मोठ्या अक्षरात मराठीत तक्ता लावलाय: सॉल्टचं नाव, कशासाठी, केव्हा, जेवणाआधी की नंतर. मेडिकलवाल्यालाही सांगून आलोय की पट्टी कापताना नाव आणि तारीख असलेला भाग आमच्याकडे राहू दे.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. अण्णांच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो तुझ्या फोनमध्ये असेल, तो पाठव. इथल्या प्रतीवर चहा सांडून औषधांची मधली ओळ गेली आहे. आणि बेंगळुरूहून त्यांच्यासाठी ती व्हिटॅमिनची बाटली पाठवणार होतास, ती सध्या पाठवू नकोस. आधी तिच्यावरच्या लेबलाचा फोटो पाठव, मी डॉक्टरांना दाखवतो.

वहिनींना नमस्कार, पिल्लांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना शेजारी