परदेशातून पत्र

म्हापसा, गोवा
नागपंचमी

ती. आजीस,
मंजूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्त्यात 'परदेश' लिहायचं राहिलं, ते तू मनात धरून घे. तुझ्या लेखी तिलारी घाट उतरला की परदेश लागतो. तुझ्या थोरल्या भावाला गोव्याच्या हद्दीवर परवान्यासाठी अडवून ठेवलं होतं, ही गोष्ट तू आम्हाला शंभरदा सांगितलीस. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला, पोर्तुगीज गेले, पण तुझ्या डोक्यातला नाका काही उठला नाही. मागच्या आठवड्यात आण्णांशी फोनवर बोलताना मागून तुझा आवाज ऐकला मी, "त्या परदेशात पोरीला भाकरी मिळती का?" मिळते आजी. पाव जास्त मिळतो.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आण्णा त्यांच्या मनानं सांगतात. 'कुत्री सांभाळते' एवढंच त्यांनी तुला सांगितलं आणि तू दोन दिवस जेवली नाहीस म्हणे. म्हणून हे पत्र. चिनूनं सगळं वाचावं, मधलं गाळू नये.

तर ऐक. मी कुत्री सांभाळत नाही, एक कुत्री शिकवते. म्हणजे मला तसं वाटत होतं. हॉटेलांना, मोठ्या कार्यक्रमांना पहारेकरी पुरवणारी आमची कंपनी. आधी मी गेटवर गाड्यांच्या खाली आरसा फिरवायचे. मग त्यांनी श्वानपथक काढलं, स्फोटकं हुंगून काढणाऱ्या कुत्र्यांचं, आणि विचारलं, कोणाला यायचंय? पुरुषांनी रात्रपाळीचा भत्ता विचारला. मी काहीच विचारलं नाही, म्हणून घेतलं असेल.

माझ्या वाट्याला आली ती लॅब्राडोर जातीची, पिवळट, दीड वर्षाची. तिचं नाव मी ठेवलेलं नाही हे आधीच सांगते. आमच्या माळकरी घरात हे नाव कसं उच्चारायचं म्हणून मी पहिला आठवडा नुसती 'ए' म्हणत होते. तिचं नाव फेणी. झालं, लिहून टाकलं.

शिकवणारे साताऱ्याकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले. मेरठला लष्कराची कुत्री तयार करणारं केंद्र आहे, तिथं त्यांची बरीच वर्षं गेली. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मुंबईत १९९३ साली बॉम्बस्फोट झाले तेव्हा पोलिसांच्या जंजीर नावाच्या लॅब्राडोरनं तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुंगून काढलं होतं, हे ते दर सोमवारी सांगतात. आम्ही पेंगायला लागलो की पुन्हा सांगतात.

खऱ्या स्फोटकाचे नमुने परवान्याशिवाय हातात घेता येत नाहीत, आणि शिकाऊ कुत्र्याला त्याची घाईही नसते. सुरुवात लवंगेपासून. एका डबीच्या झाकणाला भोकं पाडायची, आत पाच लवंगा. डबीला चिमट्यानंच हात लावायचा, नाहीतर कुत्री लवंगेऐवजी माझ्या घामाचा माग काढायला शिकते. तशाच आणखी नऊ डब्या, रिकाम्या. तिनं लवंगेच्या डबीवर नाक ठेवलं की चेंडू फेकायचा. पुढं पुढं तिनं डबीपाशी जाऊन गुपचूप बसायचं, पंजा मारायचा नाही, भुंकायचं नाही. बॉम्बला पंजा मारून कसं चालेल?

आणि तिचं नाक! माणसाच्या नाकात वासाच्या पेशी पन्नासेक लाख असतात, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. पडवीत बसून आतलं दूध उतू जायच्या आधी तुला कळतं, याचं आम्हाला कौतुक. फेणीला ते दूध कोणत्या म्हशीचं तेही कळलं असतं. ती हुंगते तेव्हा सेकंदाला चार-पाच वेळा श्वास आत ओढते, आणि बाहेरचा श्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागं सोडते, म्हणजे पुढचा वास विस्कटत नाही. जमिनीपाशी कान नेला तर बारीक सुतासारखा आवाज येतो, फुस् फुस् फुस्. तो आवाज थांबला आणि जीभ बाहेर आली की समजायचं, संपलं. धापा टाकणारं कुत्रं हुंगू शकत नाही.

दीड महिना सगळं झकास चाललं. डिचोलीजवळच्या एका मंगल कार्यालयात आमचा सराव असायचा, कारण आषाढात लग्नं नाहीत आणि मालक उस्तादांना ओळखतो. दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टेज, मागं मुदपाकखाना. मी डबी ठेवायची, फेणीला आणायची, फेणीनं बसायचं. दहापैकी दहा वेळा. मी घरी फोन करून फुशारकी मारली होती, तो हाच काळ.

मग एका बुधवारी उस्ताद म्हणाले, आज डबी मी ठेवतो, तू बाहेर थांब. त्याला ब्लाइंड सर्च म्हणतात, हॅंडलरला, म्हणजे कुत्र्याची दोरी धरणाऱ्याला, जागा माहीत नसते. आम्ही आत गेलो. फेणी तिसऱ्या रांगेत बसली. तिथं काही नव्हतं. स्टेजच्या पायरीशी बसली. नव्हतं. समईपाशी, पडद्यापाशी. चार वेळा बसली, चारही खोट्या. पाचव्यांदा ती कुठं बसायच्या बेतात होती तेव्हा उस्तादांनी माझ्या हातातली दोरी काढून घेतली आणि तिला मोकळी सोडली. एक मिनिटही लागलं नाही. रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या मागच्या कोपऱ्यात गेली, दोनदा वळली, शेवटच्या खुर्चीखाली नाक घालून बसली. डबी तिथंच होती.

उस्तादांनी फोनवर सगळं टिपून ठेवलं होतं. रात्री खोलीवर मी ते सात वेळा पाहिलं. फेणीकडं नको, माझ्या डाव्या हाताकडं बघ, असं ते म्हणाले होते. जिथं मला वाटायचं की डबी इथं असणार, तिथं माझं पाऊल आखडायचं. दोरी चार बोटं आवळली जायची. फेणी मान वर करून माझ्या तोंडाकडं बघायची. मी श्वास धरायचे. ती बसायची.

आजी, आपल्या दारात नंदीबैल यायचा. गुबुगुबू वाजवत बुवा विचारायचा, यंदा पाऊस पडंल का? बैल मान हलवायचा आणि तू सुपानं भात घालायचीस. मी एकदा बैलाच्या पलीकडून जाऊन पाहिलं, तर वेसणीची दोरी बुवाच्या मुठीत होती. तुला येऊन सांगितलं, तर तू मला गप्प बसवलंस. तसाच मी फेणीचा नंदीबैल केला होता. डबीची जागा मला माहीत होती तोवर तिला नाकाची गरजच पडली नाही. ती मला वाचत होती.

माझी एकटीची गोष्ट नाही म्हणून थोडा धीर आला. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी शिकलेल्या कुत्र्यांच्या आणि हॅंडलरांच्या १८ जोड्या एका चर्चमध्ये सोडल्या. काही खोल्यांत लाल कागद लावला आणि हॅंडलरांना सांगितलं, कागद असेल तिथं वास ठेवलाय. ठेवला कुठंच नव्हता. तरी २२५ वेळा कुत्र्यानं इशारा दिल्याचं हॅंडलरांनी सांगितलं. हे मी उस्तादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कुत्री तुला इचारतीय पोरी. तू उत्तर देऊ नगंस."

सांगायला सोपं आहे. उत्तर द्यायचं नाही म्हणजे हात सैल, पाऊल एकाच चालीत, नजर पुढं. करून बघ एकदा, भाकरी थापताना कोणी विचारलं तर मान न हलवता. पंधरा दिवस मी झोपेत पण एका चालीत चालत होते.

मधल्या काळात वाऱ्याचं शिकले. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, पाच मार्कांना. इथं त्यांच्याशी रोजची गाठ. पहाटे किनाऱ्यावर वारा जमिनीकडून समुद्राकडं, आणि ऊन तापलं की उलटा. वास त्याच्याबरोबर जातो, उदबत्तीच्या धुरासारखा, उगमापाशी बारीक आणि लांब गेला की पसरट. चिऱ्याच्या भिंतीवर ऊन पडलं की तो भिंतीवरून वर चढतो, आणि कुत्री डबीच्या डोक्यावर हातभर हुंगत बसते. बंद हॉलमध्ये पंखा लावला की वास कोपऱ्यात जाऊन साचतो, उगम भलतीकडंच. हे कळल्यापासून मी कुठंही शिरले की आधी पंखा बघते. परवा दातांच्या डॉक्टरकडं गेले तिथंही बघितला.

आता वाईट बातमी. आषाढ संपता संपता परीक्षा झाली आणि आम्ही नापास झालो.

आण्णांना हे मी 'पुढं ढकलली' असं सांगितलंय. तू सांगू नकोस. चिनू, तू पण. चार खोल्या होत्या, त्यांतल्या काही रिकाम्या, किती ते सांगत नाहीत. तिसऱ्या खोलीत सोफ्याच्या मागून जाताना फेणीचं डोकं झटकन वळलं. मला जाणवलं, दोरीतून कळतंच. पण मी एका चालीत चालायचं ठरवलेलं. थांबले तर इशारा होईल, म्हणून थांबले नाही, आणि ती माझ्यामागून फरफटत आली. मी हात वर करून म्हणाले, "खोली साफ." डबी सोफ्याच्या पाठीच्या शिवणीत होती. खोटा इशारा झाला तर अर्धा तास हॉटेल रिकामं करावं लागतं, लोक शिव्या देतात, संपलं. साफ म्हणून सांगितलेल्या खोलीत काही निघालं, तर त्याला काय करायचं? परीक्षकांनी काही न बोलता कागदावर फुली मारली. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवस मी फेणीला नुसती फिरवली, डबी काढली नाही. तिसऱ्या दिवशी उस्ताद पुन्हा कार्यालयात घेऊन गेले. डबी स्टेजखाली ठेवली होती, हे नंतर कळलं. आत शिरल्या शिरल्या फेणी स्टेजकडं न जाता सरळ मुदपाकखान्याकडं ओढायला लागली. मला वाटलं, खाण्याचा वास. एरवी मी दोरी मागं ओढली असती. हात तसा जायलाही लागला होता. उस्ताद मागून म्हणाले, "जाऊ दे." गेले. आचाऱ्यांची मोठी लाकडी कोठी, कुलूप लावलेली. फेणी तिच्या खालच्या फटीशी नाक नेऊन बसली, आणि या वेळी माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. फटीकडंच बघत राहिली.

मालकाकडून किल्ली आणायला वीस मिनिटं लागली. ती जवळजवळ सगळा वेळ बसून होती. कोठीत पातेली, झारे, आणि तळाशी मागच्या हंगामातली शागुतीच्या मसाल्याची फुटलेली पिशवी. उस्तादांनी चिमूट उचलून हुंगली. त्यात खोबरं, खसखस, मिरची, बडीशेप, चक्रीफूल, दालचिनी, आणि लवंग. दहा वासांच्या खिचडीतून तिनं तिचा एक उचलला होता, कुलपाच्या आड.

"ही डबी मी ठेवलेली न्हाई," उस्ताद म्हणाले. मी विचारलं, मग चेंडू द्यायचा का? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी चेंडू फेकला. तो पातेल्यांत जाऊन पडला आणि जो आवाज झाला तो ऐकून मालक धावत आला.

तेव्हापासून ती ओढते, मी जाते. कधी चुकते. कालच एकदा वडापावच्या कागदापाशी बसली, निर्लज्जासारखी. पण तो वडा तिनं स्वतः शोधलेला होता, मी दाखवलेला नव्हता.

दुसरी परीक्षा चवथीनंतर लगेच आहे. इथं गणपतीला चवथ म्हणतात आणि अख्खा गोवा घरी जातो, आम्ही सोडून. रजा मागितली होती, मिळाली नाही. सणाला गर्दी, गर्दीला कुत्री. तेव्हा यंदा गौरीच्या फुगड्यांत मला धरू नकोस. वहिनीला म्हणावं, माझ्या वाटणीचे मोदक खा, पण मोजून.

आईला एक निरोप. नेहमीसारखा मसाल्याचा डबा एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवणार असशील, तर यंदा थांब. मागचा डबा मी पलंगाखाली ठेवलाय, आणि फेणी माझ्या खोलीवर आली की पलंगासमोर बसते आणि उठत नाही. दर वेळी चेंडू द्यावा लागतो, कारण तिचं बरोबरच असतं. परीक्षा झाली की पाठव. तोवर नाचणीचं पीठ चालेल, आणि जुनं धोतर असेल तर दे, पावसात तिचे पाय पुसायला लागतं.

गुडघ्याला तेल लाव. पत्र मिळाल्याचं चिनूकडून कळव.

तुझी,
मंजू