बंद घरांच्या गावात भाड्याची खोली मिळेना

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पेपरात म्हाडाच्या सोडतीची जाहिरात आली की आमच्या दुकानातल्या सगळ्या मुली ती वाचतात आणि दरवेळी कोणीतरी मला म्हणतंच, भर गो तू पण फॉर्म. कोकण मंडळात ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सगळे जिल्हे येतात पण जाहिरातीतली घरं बघावी तर बहुतेक विरार, कल्याण, ठाणे बाजूची. आणि ती विकतची. आमचं काम इथे, मुलांची शाळा इथे, मग विरारला घर लागून आम्ही करणार काय? आम्हाला रत्नागिरीत भाड्याने एक बरी खोली हवीये जिचं भाडं पगारातून देता येईल, एवढंच, आणि हे कुठल्या टेबलावर जाऊन सांगायचं ते गेले दोन महिने कळत नाहीये म्हणून हे पत्र.

मी राम आळीत कपड्याच्या दुकानात आहे, मिस्टर मिरजोळे एमआयडीसीत हेल्पर. दोघांचे मिळून महिन्याला 24 हजार येतात. सहा वर्षं नाचण्याला एका खोलीत राहतोय, भाडं साडेचार हजार. फेब्रुवारीत मालकांनी सांगितलं की 30 एप्रिलला खोली मोकळी करा, मे महिन्यापासून पर्यटकांना द्यायचीये. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना दोन रात्रींत जेवढे मिळतील तेवढे आम्ही महिन्याला देतो. पण तेव्हापासून कुवारबाव, शिरगाव, मारुती मंदिर सगळीकडे फिरून झालं. वन आरकेला सात हजार, वर पंचवीस हजार डिपॉझिट, एजंटला एक महिन्याचं भाडं वेगळं. मेडिकल कॉलेज आल्यापासून तीन-तीन मुलं मिळून खोली घेतात, प्रत्येकी तीन हजार काढले तरी मालकाला नऊ सुटतात, मग नवरा-बायको-दोन पोरं अशा बिऱ्हाडाला कोण विचारणार.

आणि दुसरीकडे बघा. आमच्याच वाडीत मोजून सात घरं कुलपात आहेत, माणसं मुंबईला. शिमग्याला पालखी आली तेव्हा ती सगळी उघडली. त्यातलं एक जांभ्याचं मोठं घर, पुढे पडवी, माजघर, मागच्या बाजूला दोन खोल्या आणि वेगळं न्हाणीघर, वापरच नाही. आजी ओटी भरायला उभ्या होत्या, पालखी पुढच्या घरी गेल्यावर मी हिंमत करून विचारलं की आजी, मागच्या दोन खोल्या भाड्याने द्याल का, घराला दिवाबत्ती पण होईल. त्या चांगल्या बोलल्या, पोरांच्या हातावर खोबरं ठेवलं आणि म्हणाल्या, "नको गो बाय, एकदा माणूस ठेवलं की कूळ लागतं, मग कोर्टकचेरी कोण करणार." चौथ्या दिवशी परत कुलूप.

ही कुळाची भीती, म्हणजे भाडेकरू कायमचा हक्क सांगून बसेल ही भीती, आपल्याकडे घराघरात आहे आणि ती जुन्या कायद्याच्या आठवणीतून आलीये हे मला समजतं. पण आता लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला द्यायचा करार करतात ना, त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू आहे आणि त्यातलं कलम 24 मालकाच्याच बाजूचं आहे. मुदत संपली की जागा सोडायची, नाही सोडली तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई. कलम 55 म्हणतं करार लेखी आणि रजिस्टर पाहिजे आणि रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी मालकाची, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. स्टॅम्प ड्युटी किती, तर पाव टक्का. तरी आमच्याकडे सगळं तोंडी चालतं. आम्ही सहा वर्षं राहिलो त्याचा एक कागद माझ्याकडे नाही, आधारवर अजून राजापूर तालुक्यातल्या सासरच्या गावाचा पत्ता आहे, आणि आज सरकारी मदतीचा अर्ज करायला गेले तर पहिला प्रश्न तोच की रत्नागिरीत राहता याचा पुरावा काय.

अर्जाचं सांगते. 1 सप्टेंबर 2024 पासून पंतप्रधान आवास योजना शहरी 2.0 चालू झाली. तिच्यात चार भाग आहेत, स्वतःच्या जागेवर बांधायला मदत, प्रकल्पात तयार घर, कर्जाच्या व्याजात सूट आणि चौथा भाग परवडणारी भाड्याची घरं. वर्षाचं उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल तर आपण सगळ्यात खालच्या गटात, आमचं 2 लाख 88 हजार होतं. मी सेतूतून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढला, दोन हाफ डे गेले त्यात, आणि एका ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं प्लॉट कुठे आहे. मी म्हटलं प्लॉट असता तर भाड्याने कशाला मागितलं असतं, मला तो चौथा भाग पाहिजे. ते म्हणाले इकडे भाड्याचं कोणी मागत नाही. मग कागद चाळून म्हणाले गावाला पक्कं घर आहे ना, मग तुम्ही बसतच नाही.

ते घर म्हणजे सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं. घरपट्टीच्या असेसमेंट उताऱ्यावर चौदा नावं आहेत, त्यात माझ्या मिस्टरांचं अकरावं. गणपतीत सगळी भावकी आली की आम्ही पडवीत गोधड्या टाकून झोपतो. रत्नागिरीला यायचं तर एसटीने दोन तास. कोकणात असं सामाईक घर नाही असा माणूस शोधून दाखवा! देशात कुठेही पक्कं घर नको ही अट घर बांधायला किंवा विकत घ्यायला मदत मागणाऱ्यांसाठी लिहिलेली आहे, भाड्याचा भाग तर ज्यांना विकत घ्यायचं नाही किंवा झेपत नाही त्यांच्यासाठीच आहे, कामगार, नोकरी करणाऱ्या बायका, विद्यार्थी, फेरीवाले. मी शांतपणे हे सांगितलं, अर्ज ठेवला आणि पोच घेतली.

पण नंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तीच मला सगळ्यांना सांगायचीये. योजनेच्या या चौथ्या भागात भाडेकरूच्या खात्यात पैसे येत नाहीत. एक तर सरकारी पैशातून बांधलेली रिकामी घरं भाड्याने द्यायची, नाहीतर कोणीतरी संस्थेने, कंपनीने भाड्यासाठी नवीन इमारत बांधायची, नवीन तंत्राने बांधली तर केंद्राचे चौरस मीटरला 3 हजार आणि राज्याचे 2 हजार मिळतात. म्हणजे शहरात प्रकल्पच नसेल तर माझा अर्ज जाणार कुठे? आणि मागणी नोंदवलेली नसेल तर प्रकल्प तरी कोण आणणार? ते साहेब म्हणाले कोणी मागत नाही, खरंय, कारण मागायची सोय आहे हेच कोणाला माहीत नाही. दुकानातल्या आम्ही पाचजणी भाड्याने राहतो, एकीलाही माहीत नव्हतं.

जुलै 2020 मध्ये लॉकडाऊननंतर केंद्राची भाड्याच्या घरांची आधीची योजना आली तिच्यात भाडं तिथल्या सर्व्हेवरून ठरवायचं आणि दर दोन वर्षांनी 8 टक्के, पाच वर्षांत जास्तीत जास्त 20 टक्के वाढवायचं असा नियम होता. नोकरीवाल्या बायकांच्या सरकारी हॉस्टेलला तर भाडं पगारावर बांधलेलं आहे, एकटीच्या खोलीला पगाराच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्या 24 हजाराचे 15 टक्के 3600 होतात. सात हजार म्हणजे जवळजवळ तीस टक्के, त्यात गॅस, लाईट, उन्हाळ्यात पाण्याचे वेगळे पैसे, मुलीची क्लासची फी. पगार बघून भाडं ठरवायचं हे सरकारनेच मान्य केलेलं आहे तर ते बिऱ्हाडांना का नको?

माझी मागणी मोठी नाही. शहरात भाड्याच्या घरासाठी नाव नोंदवायचं एक टेबल उघडा आणि त्याची जाहिरात म्हाडाच्या जाहिरातीएवढी ठळक छापून येऊ दे. पडीक सरकारी क्वार्टर्स किती आहेत ती मोजा, कौलं खाली आलेली दोन-तीन तर मी रोज येता-जाता बघते. आणि बंद घरांच्या मालकांना कोणीतरी सरकारी माणसाने बसवून हा कायदा समजावून सांगा, करार मध्ये राहून रजिस्टर करून द्या. पुढचं घर गणपती-शिमग्याला त्यांचं त्यांनाच राहू दे, मागच्या खोल्या अकरा महिने आम्हाला. त्या आजींना असं कोणी सांगितलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं नसतं असं मला अजून वाटतं.

सध्या माझा अर्ज पोच घेऊन पडून आहे आणि 30 तारीख जवळ येतेय. नाचणे, कुवारबाव बाजूला कोणाच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या असतील आणि रजिस्टर करार करायची तयारी असेल तर कृपया तुमच्या ऑफिसात कळवायला सांगा. करार रजिस्टर करायचा खर्च आम्ही भरू. दुकान रात्री साडेआठला बंद होतं, त्यानंतर मी कधीही बघायला येईन.

आपली,
एक वाचक, नाचणे, रत्नागिरी