बाबांची निळी पिशवी खांद्यावरून काढू नकोस

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "आई सगळं कळलं, टेन्शन घेऊ नको" म्हणालास, पण फोनवर ऐकलेलं निघायच्या घाईत कुणाच्या लक्षात राहतं, म्हणून लिहूनच पाठवतेय. दोन रात्री थोडं थोडं टाइप केलंय, मागेपुढे झालं असेल तर सांभाळून घे. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मला येता येत नाहीये आणि तू रजा काढून बाबांना क्रूझला नेतोयस याचं मला किती बरं वाटतंय ते तुला सांगता येणार नाही. फक्त त्यांच्या पार्किन्सन्सच्या, म्हणजे अंग आखडण्याच्या आजाराच्या, गोळ्यांचं घड्याळ इतकी वर्षं माझ्या डोक्यात चालू होतं, ते आता १० दिवस तुझ्या डोक्यात चालायला हवं.

मागच्या क्रूझला काय झालं ते आम्ही तुला पूर्ण कधी सांगितलंच नाही. बंदरावर पोचलं की मोठ्या बॅगा तिथले पोर्टर ताब्यात घेतात, टॅग लावतात, आणि मग त्या परस्पर केबिनच्या दाराशी येतात. पण कधी येतील याचा नेम नाही, दुपारी येतील नाहीतर पार संध्याकाळ होईल. मला हे माहिती नव्हतं. दुपारी १ ची गोळी पर्समध्ये घेतली होती, बाकी अख्खा डबा मोठ्या बॅगेत. ४ वाजले, बॅग नाही. ५ वाजले, नाही. मी खाली जाऊन विचारून आले, येईल म्हणाले. बाबा डेकवर खुर्चीत बसलेले, पाण्याचा ग्लास हातात धरलेला आणि तो हात टेबलावरून वर येईचना. बोटं ग्लासभोवती तशीच, चेहरा दगडासारखा, फक्त डोळे माझ्याकडे. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. साडेसातला बॅग आली, गोळी दिली, ती लागायला आणखी तास गेला. जहाज बंदरातून निघताना बघायचं म्हणून ते महिनाभर बोलत होते आणि ते निघालं तेव्हा आम्ही दोघं केबिनमध्ये होतो. ते कधी बोलले नाहीत त्यावर, पण मला अजून झोप लागत नाही आठवलं की.

म्हणून ही निळी पिशवी. ती तुझ्या खांद्यावर, विमानात पायाशी, बंदरावर खांद्यावर, केबिनमध्ये कपाटात, आणि कुणी कितीही प्रेमाने "सर द्या मी घेतो" म्हटलं तरी द्यायची नाही. लेव्होडोपाच्या, म्हणजे त्यांच्या त्या आखडण्यावरच्या, दिवसाला ५ गोळ्या, सकाळी ७, १०, दुपारी १, ४ आणि संध्याकाळी ७. प्रवास १० दिवसांचा असला तरी मी १७ दिवसांच्या भरतेय, म्हणजे ८५, कारण जहाज किंवा विमान लांबलं तर ही गोळी जहाजावरच्या दवाखान्यात मिळेलच असं नाही, त्यांच्याकडे अचानक लागणारी औषधं असतात, प्रत्येकाची रोजची नाही. आणि ही एकदम बंद पडली तर नुसतं आखडणं नाही रे, ताप वगैरे येऊन फार गंभीर होऊ शकतं, डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय. त्यातल्या ५० निळ्या पिशवीत आणि ३५ तुझ्या सॅकमध्ये वेगळ्या. चाकांच्या खुर्चीच्या मागच्या खिशात ठेवू नकोस, तिथे हात लगेच जातो म्हणून मोह होतो, पण खुर्ची विमानाच्या दारात काढून घेतात आणि ती सामानात जाते.

आठवड्याचा तो खाचांचा डबा घे, पण त्यात रोज रात्री फक्त दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या भर, बाकी सगळ्या पाकिटात राहू देत. कापलेल्या स्ट्रिप्स मी बाजूला काढतेय, कारण नाव आणि तारीख छापलेला तुकडा कापला गेला की कस्टमवाल्याला काय नि डॉक्टरला काय, ती कसली गोळी आहे ते कळायचं कसं. प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांची चिठ्ठी वरच्या कप्प्यात आहे, त्यात औषधांची मूळ नावं लिहून घेतलीयेत कारण कंपनीचं नाव देशागणिक बदलतं. दोन्हीचे फोटो फोनमध्ये काढून ठेव. आणि बाबांचं अंग दुखलं तर माझी दुखण्याची गोळी देऊ म्हणालास ना, ती अजिबात नेऊ नकोस. ती ट्रॅमाडॉल आहे, काही देशांत ती नेण्यावर कडक नियम आहेत, चिठ्ठी माझ्या नावाची, आणि बाबांच्या बाकी औषधांबरोबर ती चालते की नाही ते डॉक्टरांशिवाय कुणी ठरवायचं नाही.

वेळेचं अजून एक. जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ कधीकधी वेगळी असते, आणि फोन किनाऱ्याचं नेटवर्क पकडून आपला आपण बदलतो. त्यामुळे फोनच्या अलार्मवर गोळी सोडू नकोस. बाबांचं साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लाव, आणि जिथे तास मागेपुढे होणार असेल तिथे घड्याळात किती वाजले यापेक्षा मागच्या गोळीला ३ तास झाले का ते बघ. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, प्रोटीनचं जेवण पोटात असलं की ती नीट लागत नाही. डिनरची बसायची वेळ निवडायला सांगतील तेव्हा साडेसातनंतरची घे.

आता हे नीट वाच, सगळ्यात जास्त भीती मला याची आहे. बोट लागणं. समुद्र खवळला, बाबांना मळमळायला लागलं तर तू घाबरून दवाखान्यात नेशील, आणि उलटी थांबवायला जी औषधं सर्रास देतात, मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, प्रोमेथाझिन, ती पार्किन्सन्सवाल्यांना द्यायची नसतात. लेव्होडोपा मेंदूत जे करते त्याच्या बरोबर उलटं ती करतात, पेशंट एका इंजेक्शनने लाकडासारखा होऊ शकतो. कानामागे लावायचा पॅच मिळतो तोही नको, म्हाताऱ्या माणसांचा त्याने गोंधळ उडतो, भलतंसलतं दिसायला लागतं, लघवी अडते. काय चालेल ते आपल्या डॉक्टरांनी लिहून दिलंय आणि ती गोळी पिशवीत आहे. एका पिवळ्या कार्डावर मी ही तीन नावं ठळक लिहून "हे देऊ नये" असं इंग्लिशमध्ये पण लिहिलंय, ते बाबांच्या शर्टाच्या खिशात रोज असू दे, कारण तू सोबत नसताना काही झालं तर ते स्वतः सांगू शकतीलच असं नाही. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घेतलीस ते फार छान केलंस, तिथे हलणं कमी जाणवतं.

इन्सुलिनचं तुला येतंच. न उघडलेली पेनं २ ते ८ डिग्रीत हवीत पण गोठली की ती फेकायचीच, म्हणून विमानात सामानात नाही, हातात. केबिनमधला छोटा फ्रीज कधी नुसता गारवा देतो तर कधी मागच्या बाजूला बर्फ धरतो, त्यात थर्मामीटर ठेवून एक रात्र बघ, नाही पटलं तर दवाखान्याच्या फ्रीजमध्ये ठेवतात का विचार. वापरलेल्या सुया कचऱ्यात नाही, केबिनवाल्याकडे सुयांचा डबा माग.

खुर्ची. तू म्हणालास तिथे बॅटरीवाली स्कूटर भाड्याने घेऊ, माझं मत विचारशील तर नको. ती कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत, आग लागली तर वाट मोकळी हवी म्हणून, म्हणजे केबिनमध्येच ठेवायची आणि तिथेच चार्ज करायची, आणि सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेंशन बहुतेक जहाजांवर चेकिंगमध्येच काढून घेतात. शिवाय काही बंदरांत जहाज धक्क्याला लागतच नाही, लांब नांगर टाकतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. त्या बोटीत जड खुर्ची घेत नाहीत, आणि माणसाला दोन-चार पावलं स्वतः टाकता आली पाहिजेत असा नियम असतो. आपली घडीची खुर्ची आणि वॉकर दोन्ही न्या. कुठलं बंदर छोट्या बोटीचं आहे ते आधी कंपनीला विचारून घे, आणि त्या दिवशी लाटा जास्त असल्या तर बाबा कितीही म्हणाले तरी उतरवू नकोस, डेकवरून किनारा बघा दोघं.

टेप लावून मी खुर्ची मोजली, चाकांच्या कड्यांसकट ६३ सेंटीमीटर. साध्या केबिनचा दरवाजा बऱ्याच जहाजांवर ६० च्या आतबाहेर असतो, आणि बाथरूमला उंबरठा. तू बुक केलेली केबिन खरोखर व्हीलचेअरची आहे ना, दरवाजा ८० च्या आसपास आणि बाथरूम सपाट, हे त्यांच्याकडून लेखी घे. नहाणीतलं स्टूल आणि कमोडची उंच सीट ते देतात, पण आधी फॉर्म भरून मागावी लागते, तिथे गेल्यावर मागून मिळत नाही.

विमानात खुर्ची देताना पायाच्या पट्ट्या आणि बसायची गादी काढून तुझ्याबरोबर आत घे, सुटे भाग हमखास हरवतात. देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढ. वॉकरचे रबरी बूच मी नवीन बसवलेत, जुने इतके गुळगुळीत झाले होते की अंगठा फिरवला तर घसरत होता, ओल्या डेकवर काय झालं असतं. दोन जादा बूच आणि खुर्चीचे नट आवळायचे छोटे पाने बाहेरच्या कप्प्यात आहेत, पण पाने विमानात मोठ्या बॅगेत टाक, हातात नेऊ देतील न देतील. जहाजावर खुर्ची थांबली की दोन्ही ब्रेक लावायचे, मिनिटभर थांबलास तरी, जमीन सपाट दिसते पण हलत असते. रात्री केबिनमध्ये, त्यातून खिडकी नसेल तर, स्वतःचा हात दिसत नाही इतका अंधार होतो, म्हणून बॅटरीचे दोन छोटे दिवे दिलेत, एक बेडपाशी, एक बाथरूमच्या दाराशी. बाबा रात्री तीनला उठतात, तुला उठवणार नाहीत, उगाच कशाला त्रास म्हणून. तू झोपायच्या आधी वॉकर त्यांच्या हाताला लागेल असा ठेव.

सुरक्षेचं ड्रिल टाळू नका, जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ते घ्यायचंच असा आता आंतरराष्ट्रीय नियम आहे. तिथे स्पष्ट सांग की बाबांना जिने उतरता येत नाहीत. अडचणीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते, त्यामुळे त्यांना न्यायला कोण येणार हे पहिल्याच दिवशी त्या माणसाचा चेहरा बघून विचारून घे. इन्शुरन्समध्ये पार्किन्सन्स आणि शुगर दोन्ही लिहिलंयस ना? जहाजावरच्या डॉक्टरचं बिल वेगळं लागतं.

आणि शेवटची रात्र. त्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या रात्रीच उचलतात आणि सकाळी एकदम बंदरावर मिळतात. सगळं आवरायच्या नादात लोक सकाळच्या गोळ्या, घालायची पँट, बूट सुद्धा त्यात टाकून मोकळे होतात. बाबांची सकाळची ७ आणि १० ची गोळी, इन्सुलिन, कवळीचा डबा, डायपर आणि बूट, एवढं बेडवर मांडून मग बॅग बंद कर.

शनिवारी येशील तेव्हा पिशवी उघडून दोघं मिळून मोजू. डोळ्यांचे ड्रॉप्स अजून आणायचेत, आणि घड्याळाचा पट्टा बाबांच्या मनगटाला सैल होतोय, एक भोक पाडून घे येताना.

तुझी,
आई