हर्बल पेस्टच्या खोक्यावर अर्क किती ते नीट लिहा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माझं कराडला मेडिकल आहे. हल्ली बरीच गिऱ्हाईकं 'केमिकलवाली नको, झाडपाल्याची द्या' म्हणूनच टूथपेस्ट मागतात, आणि मी देतोही, कारण ह्या वनस्पतींत दम आहे हे मी मनापासून मानतो. लवंगेतलं युजेनॉल तर दातांचे डॉक्टरसुद्धा झिंक ऑक्साइडमध्ये कालवून टेंपररी फिलिंगला वापरतात. बाभळीच्या सालीत टॅनिन असतं, त्याच्या तुरटपणाने हिरड्या आवळल्या जातात. तोमर म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाचाच भाऊबंद, त्याने आणि अक्कलकाऱ्याने जीभ झणझणते, माणसाला वाटतं पेस्ट जोरात काम करतेय. पण झणझणलं म्हणजे कीड थांबली असं काही नाही हो.

माझं म्हणणं खोक्याबद्दल आहे. समोर लवंग, कडुनिंबाचं पान, पुदिना, सगळे ठसठशीत फोटो. आता खोकं फिरवून मागे बघा, अक्षरं इतकी बारीक की मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचावी लागतात. 'प्रत्येक 10 ग्रॅममध्ये' असं लिहून खाली अझाडिराक्टा इंडिका म्हणजे कडुनिंब, अकेशिया अरेबिका म्हणजे बाभूळ, बार्लेरिया प्रायोनिटिस म्हणजे वज्रदंती, आपली पिवळी कोरांटी, आणि प्रत्येकापुढे मिलिग्रॅम. समजा पुढे 10 मिलिग्रॅम लिहिलंय, तर तो झाला हजारावा भाग, ब्रशवर ग्रॅमभर पेस्ट घेतली तर त्यात ती वनस्पती 1 मिलिग्रॅम, तीही आपण मिनिट-दोन मिनिटांत थुंकून टाकतो. आणि ती साल नुसती दळून टाकलीय की तिचा अर्क काढलाय, दहा किलो सालीचा एक किलो केलाय की दोन किलो, पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, ह्यावर सगळा गुण ठरतो, कारण पाण्यात एक उतरतं आणि अल्कोहोलमध्ये दुसरंच. हे बऱ्याच खोक्यांवर कळतच नाही. थोड्या अर्कानेही काम होत असेल, माझी ना नाही, पण मग तो कसला अर्क ते सांगायला काय हरकत आहे?

दुसरं फ्लोराइड. पेस्टमध्ये फ्लोराइड असेल तर 1000 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांच्या, वर नको आणि आकडा ट्यूबवर नि खोक्यावर छापायचा असा आपल्याकडे नियम आहे. बहुतेक आयुर्वेदिक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, पण 'नाही' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं क्वचितच दिसतं. दातांची कीड रोखायला ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे ते फ्लोराइड, वनस्पतींची मदत जास्त करून हिरड्या, दातांवरचा थर आणि तोंडाचा वास ह्याला. दिवसभर बिस्किट-चॉकलेट खाणाऱ्या पोराला आई चांगल्या मनाने हर्बल पेस्ट देते आणि तिला माहीतच नसतं की ह्यात फ्लोराइड नाही. उलट चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त, पोरांच्या दातांवर डाग पडतात, तिथे लहान मुलाला बिनफ्लोराइडची पेस्ट कदाचित योग्यच ठरेल. दोन्हीकडच्या आयांना खोकं वाचून ठरवता आलं पाहिजे.

आणि नैसर्गिक म्हणजे बिनधोक हा समज तर आपल्या भागात फार महागात पडलाय. मशेरी बघा. तंबाखूचं पानच ते, तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, तो खाट घरभर सुटतो, मग चुरून डबीत भरायचं आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरड्यांना लावत बसायचं, आणि विचारलं की सांगायचं 'दात घासतेय'. वनस्पतीच आहे की तीसुद्धा! मुंबईत 1217 गरोदर बायकांचा अभ्यास झाला, 2004 मध्ये छापून आला, त्यात मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं. तोंडाच्या कॅन्सरचं तर वेगळं सांगायलाच नको. टूथपेस्ट नि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण तव्यावरच्या मशेरीला कोण अडवणार, ते काम आशाताईंनी, आम्ही मेडिकलवाल्यांनी आणि दातांच्या डॉक्टरांनीच घरोघरी बोलून करावं लागेल.

म्हणून एफडीए आणि आयुष मंत्रालयाला आपल्या पेपरमार्फत विनंती आहे, वनस्पतींची नावं मराठीत, चूर्ण की अर्क, अर्क असेल तर किती पट आणि कशात काढलेला, आणि फ्लोराइड आहे की नाही, एवढं खोक्याच्या दर्शनी बाजूला चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरात छापणं सक्तीचं करा. फोटो थोडे लहान केले की जागा आरामात होते.

– एक मेडिकल दुकानदार, कराड