कृष्णाकाठाला सायकल ट्रॅक नको, साइडपट्टी द्या

महोदय,

वाई ते कराड या कृष्णाकाठच्या पट्ट्यात सायकल पर्यटनासाठी स्वतंत्र ट्रॅक करावा, अशी मागणी अधूनमधून कानावर येते. याच रस्त्यांवर बारा महिने सायकल चालवणाऱ्या आम्हा काही जणांचे मत नेमके उलट आहे. ट्रॅक झालाच, तर पहिल्या सुगीला त्यावर सोयाबीन वाळत पडेल, उरलेल्या जागेत टपऱ्या येतील आणि मूळ रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्याला ‘तुझा रस्ता तिकडं हाय’ म्हणायला टेम्पोवाला मोकळा. शिवाय शाळेला जाणारी पोरे आणि डेअरीला दूध घालायला निघालेले म्हातारे गृहस्थ त्या ट्रॅकवर चढणारच नाहीत. त्यांचे घर, शाळा, डेअरी सगळे मूळ रस्त्याला लागून असते. सायकलीला लागते ते फार स्वस्तातले आहे. भरलेली साइडपट्टी (डांबराच्या कडेची मुरमाची पट्टी), मापातले गतिरोधक आणि गटारांवर आडव्या गजांच्या जाळ्या एवढे झाले तरी पुष्कळ.

रस्ते मुळात चांगलेच आहेत. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आणि कराड त्याहून साधारण दीडशे मीटर खाली. मधल्या अंतराच्या मानाने हा उतार पायाला जाणवतही नाही. वाईहून मेणवली तीनेक किलोमीटर. तिथे नाना फडणविसांचा वाडा, घाट आणि वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आलेली, मेरी आणि बाळ येशू कोरलेली घंटा. तसेच पुढे गेले की धोम, नृसिंहाचे देऊळ आणि धरण. खाली उतरताना लिंबला बारा मोटांची विहीर आहे, साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईंनी बांधलेली. मग माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम आणि दोन्ही काठांवरची देवळे. माहुलीहून महामार्गाला न लागता कोरेगाव, रहिमतपूर, मसूर करत कराडला जाता येते. लांब पडते, पण ट्रकचा गोंगाट नाही. रहिमतपूरला आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाची कबर आणि मशीद आहे. तिथे फार कुणी थांबत नाही, थांबावे. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, हे सर्वांना माहीत आहे.

वाईच्या ढोल्या गणपतीचे देऊळ पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये अगदी नदीला खेटून बांधले आणि पुराचे पाणी फाटून दोन बाजूंनी निघून जावे म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली. पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, हा विचार आमच्या साइडपट्टीच्या नशिबी नाही. दर डांबरीकरणात रस्ता तीन-चार सेंटीमीटरने वर उचलला जातो, बाजूची पट्टी मात्र होती तिथेच राहते. दोन-तीन थर झाले की चार बोटे खोल कडा तयार होते. काँक्रीटच्या रस्त्याला तर स्लॅबच वीतभर जाड. मुरूम भरला नाही तर पहिल्या दिवसापासून पायरी. पावसाचे पाणी मग त्या कडेशी धरून वाहते, चर पाडते आणि डांबराची कड आतून पोखरते. म्हणजे नुकसान रस्त्याचेही होतेच.

सायकलीचे काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. मागून ट्रॉली आली, सायकलवाला खाली उतरला. ट्रॉली गेली, तो पुन्हा वर यायला बघतो. मोटारसायकलचे रुंद चाक ती कड चढून जाते. २८ मिलिमीटरचे टायर तिरप्या अंगाने त्या कडेला घासत राहते, वर चढत नाही. हँडल वळवले तरी चाक वळत नाही आणि तोल रस्त्याच्या बाजूला जातो. माणूस पडतो तो शेतात नाही, डांबरावर, पुढच्या वाहनाच्या तोंडाशी. म्हणून नवख्यांना आमचे सांगणे असते की खाली उतरलात तर हँडल वळवून वर येऊ नका. थांबा, सायकल उचला आणि मागे पाहून पुन्हा निघा.

पट्टी भरण्याची रीतही ठरलेली आहे. मुरूम एकदम ढीग ओतून नव्हे, तर दहा सेंटीमीटरच्या आतल्या थरांत, पाणी मारून, प्रत्येक थरावर रोलर फिरवून. वरचा थर डांबराच्या कडेशी समपातळीत आणि बाहेरच्या बाजूला मीटरला तीन-चार सेंटीमीटर उतार. प्रत्यक्षात अनेकदा कोरडा मुरूम फावड्याने पसरला जातो आणि पहिल्या मोठ्या सरीला तो शेजारच्या उसात असतो. त्याहून वाईट म्हणजे बाजूच्या चरातलीच काळी माती ओढून पट्टी ‘भरलेली’ दाखवणे. ती पावसात साबणासारखी आणि उन्हाळ्यात भेगाळलेली. अशी पट्टी न भरलेलीच बरी, निदान ती दिसते तरी.

गतिरोधकांबाबत इंडियन रोड्स काँग्रेसचे माप स्पष्ट आहे: १७ मीटर त्रिज्येची गोलाई, ३.७ मीटर रुंदी, मध्यावर १० सेंटीमीटर उंची. असा उंचवटा ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखरूप ओलांडता येतो. गावोगावचे गतिरोधक म्हणजे डांबराचा हातभर रुंद बांध, तोही बहुतेक वेळा पांढऱ्या पट्ट्यांविना. वडाच्या सावलीत तो दिसतच नाही. दिसला नाही की टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोके पडतात, सापाच्या दंशासारखी. पट्ट्यापट्ट्यांचे रम्बलर, म्हणजे ओळीने उठवलेल्या खडबडीत पट्ट्या, करायचेच असतील तर कडेला मीटरभर जागा सोडावी. तिथून दुचाकीवालेही काढणार, हे आम्हाला ठाऊक आहे, काढू देत. बाजारपेठेतल्या गटारांच्या जाळ्यांचे गज रस्त्याला आडवे हवेत. गज उभे असले की पुढचे चाक आत जाते आणि स्वार हँडलवरून पुढे. जाळी उचलून फिरवून बसवायला खर्च किती येतो?

आता आमच्या बाजूचेही लिहिले पाहिजे. शनिवार-रविवारी शहरातून येणारे पुष्कळ जण तयारीविना येतात. महागडी सायकल, १०० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा आणि एकच ट्यूब. इथल्या खडीला एवढी हवा नको. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला २८ मिमी टायरमध्ये मागे ७५ आणि पुढे ७० पुरते. सायकल उडत नाही आणि मनगटे शाबूत राहतात. पावसाळा संपला की कडेच्या सराट्यांचे काटे पिकतात, शिवाय बाभूळ आहेच. दोन ट्यूब, पॅच, सोल्यूशन आणि चालणारा हातपंप जवळ हवा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडके फिरवा. काटा तिथेच असतो आणि तो न काढता ट्यूब बदलली की दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. गावातला पंक्चरवाला पॅच छान लावून देतो, पण त्याच्याकडे ७०० मापाची ट्यूब नसते आणि त्याच्या हवेच्या नळीचे तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हला बसते, तुमच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर मिळतो, करंगळीच्या नखाएवढा. दोन घ्या, एक हरवतोच.

क्लीट (पेडलला अडकणारा तळाचा खिळा) लावलेले बूट घालून मेणवलीचा किंवा माहुलीचा घाट उतरू नये. झिजलेला ओला दगड आणि खाली प्लास्टिकचा तुकडा, दुसरे काय होणार? खिशात रबरी कव्हर ठेवा, नाहीतर सरळ अनवाणी उतरा. पाचगणीला जाऊन पसरणी घाटाने वाईला परतणाऱ्यांनी सारखा ब्रेक दाबून धरू नये. सुमारे बारा किलोमीटरांत साडेपाचशे मीटरच्या आसपास उतार आहे. रिम तापते आणि ब्रेकचे रबर चकाकून धरायचे सोडते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, मग मोकळे. पावसात रिम ब्रेक पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत फक्त पाणी पुसतो, पकड त्यानंतर येते. त्या हिशेबाने आधीच दाबा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोटाभर असले तरी मागे फिरा. खालचे शेवाळ दिसत नाही.

आणि ऊस. गाळप हंगाम सुरू झाला की हे रस्ते कारखान्यांचे. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, आणि वळणावर मागची ट्रॉली पुढचीपेक्षा आतून येते. म्हणून वळणावर तिच्या आतल्या बाजूला कधीही राहू नये; जागा दिसते, पण ती क्षणात संपते. रस्त्यावर पडलेली कांडी चाकाखाली गोल फिरते, तिच्यावरून तिरके जाऊ नका. मळीच्या टँकरने सांडलेला काळा पट्टा दिसला तर ब्रेक न लावता सरळ जा. पहाटे निघणाऱ्यांनी मागे लाल दिवा लावावाच, आणि पुढच्या ट्रॉलीला तो असेल असे धरून चालू नये. बैलगाडीच्या मागे असाल तर घंटी वाजवू नका, तोंडाने आवाज द्या. बैल बुजले तर गाडीवानालाही आवरत नाहीत.

या साऱ्यात संबंधित खात्याकडून आम्हाला सर्वांत आधी हवे आहे ते एकच, आणि तेही वेळेवर. साइडपट्टीचा मुरूम पाऊस थांबल्यावर लगेच, दसऱ्याच्या आसपास पडला पाहिजे. तेव्हा जमिनीत ओल असते आणि पाणी कमी मारावे लागते. एकदा कारखान्यांचे भोंगे वाजले की रात्रंदिवस ट्रॉल्या सुरू होतात आणि मग रोलर फिरवायलासुद्धा रस्ता रिकामा मिळत नाही.

– कृष्णाकाठचे काही सायकलस्वार, कराड